दुधात बुडवलेले हात

या गं पोरींनो, जरा जवळ सरका. आणि तो टीव्ही बारीक करा आधी, एका कानानं ऐकायची ही गोष्ट नाही. महिना उलटून गेला, जो तो फोनवर 'अक्का गेल्या म्हणे, वाईट झालं' असं म्हणतो आणि त्याच दमात कांद्याचा भाव विचारतो. असं नसतं बाई. गेलेल्या माणसाबद्दल नीट बसून बोलावं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, अनुसया. ओतूरच्या बाहेर रस्त्याला लागून टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे ना, ती तिची. त्या सकाळी दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला. 'काकू, आई गेली,' एवढंच म्हणाला. आदल्या संध्याकाळी मी तिच्या उशाशी होते. तर सलाइनच्या नळीवरचं चाक दाखवून मला विचारते, "इंदे, थेंब कसा कमीजास्त करत्यात बघ. आपल्या ठिबकला असलं मिळंल का गं?" शेवटचं बोलणं हे.

शिक्षण चौथी. भावजी एसटीत ड्रायव्हर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. हिनं घरामागच्या वाफ्यात रोपं करून विकायला सुरुवात केली. नव्वदच्या सुमाराला प्लास्टिकचे ट्रे आले, नारळाच्या काथ्याचा भुसा आला, तसं कुणाकुणाला विचारत तेही शिकली. पहिल्या वेळी भुसा इतका भिजवला की बी कुजलं. दुसऱ्या वेळी इतका कोरडा ठेवला की उगवलंच नाही. भावजी म्हणाले, "आता मधलं तेवढं राह्यलं." ती हसली आणि पुन्हा ट्रे भरायला बसली. बघता बघता हाताखाली दहा-बारा बायका झाल्या, आंबेगाव तालुक्यातनं गाड्या यायला लागल्या.

आणि मग ते वर्ष आलं. अवसरी खुर्दचा एक शेतकरी जीप घेऊन आला, हातात उपटलेलं झाड. पानांवर पिवळे-हिरवे ठिपके, पानं चिंचोळी होऊन मुरडलेली. "काकी, निम्मं रान असं झालंय," म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, त्याचंच जास्त लागलं. आमच्या ह्यांनी लगेच सल्ला दिला, "वहिनी, बी खराब निघालं म्हणून सांगा. कंपनीवर ढकला." अक्कानं ते झाड पिशवीत घातलं, एसटी धरली आणि तालुक्याला शेतीखात्यातल्या मॅडमकडे जाऊन बसली. मॅडमनी पानं पाहिली आणि विचारलं, "कामावरच्या बायका तंबाखू खातात का?"

आता काय सांगू. आमच्याकडे तंबाखू भाजून तिची काळी पूड करतात, ती मिसरी. सकाळी उठल्यावर बोटानं दाताला लावायची, दुपारी भाकरी झाली की पुन्हा. त्याच बोटांनी आम्ही ट्रेमधल्या रिकाम्या खळग्यात रोपं भरत होतो. तंबाखूतला रोग बोटावरनं टोमॅटोला जातो, हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. आणि अक्का स्वतः लग्नाआधीपासून मिसरी लावणारी.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं. सखूबाई फणकारली, "आमच्या आज्या मिसरी लावूनच टमाटी लावत व्हत्या. तवा न्हाई मेली ती?"

"तवा परसात चार झाडं व्हती सखू. आता लोकांची रानं हायेत," अक्का म्हणाली. "कामावरनं कुणाला काढायची न्हाई मी. आधी माझी सुटू द्या, मग तुमाला सांगीन."

त्याच आठवड्यात ती अवसरीला जाऊन आली. मी बरोबर होते. बांधावर उभी राहून म्हणाली, "पावणं, बी चांगलं व्हतं. खोट आमच्या हातात व्हती. नवी रोपं देते, पण यंदाचा हंगाम काय मला परत देता यायचा न्हाई." त्यानं पाणी दिलं, चहा विचारला नाही. बातमी मात्र गावोगाव गेली आणि त्या हंगामात आमच्या फाटकात गाडी आली नाही. भरलेले ट्रे उन्हात वाळले. भावजी म्हणाले, बंद कर आता. पुन्हा कुणी येईल का, हाच तेवढा प्रश्न होता, आणि उत्तर तिच्या हातात नव्हतं.

मिसरी सुटता सुटेना. डोकं धरून बसायची, बडीशेप चावायची, सगळ्यांवर खेकसायची. एकदा रिकामी डबी नुसती हुंगताना मी तिला पकडलं. "बघतीस काय, वासानं रोग जात न्हाई," म्हणाली... पण सोडली. मग एकेक करून बायकांनी सोडली, सखूबाईनं सगळ्यात शेवटी, शिव्या देत. मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं, रोपाला हात लावण्याआधी तो दुधात बुडवायचा, म्हणजे रोग पसरत नाही. शेडच्या दारात साय काढलेल्या दुधाचं घमेलं आलं. सखूबाई म्हणाली, "आमच्या पोरांच्या च्याला दूध न्हाई, अन् इथं हात धुवायचं?" दुसऱ्या दिवसापासून घमेल्याशेजारी चुलीवर पातेलं चढलं. आधी सगळ्यांना दुधाचा चहा, घरी न्यायला तांब्याभर दूध, मग काम.

पुढच्या हंगामात पहिली जीप आली ती अवसरीचीच. मी ट्रे आणायला वळले तर तो शेडच्या दारात बाह्या वर करून उभा. दोन्ही हात दुधात बुडवले, निथळू दिले आणि अक्काला म्हणाला, "मी बी तंबाखूवालाच हाय काकी. आता दावा रोपं." अक्का आत गेली, माझ्या आधी स्वतःच ट्रे उचलून घेऊन आली.

आता शेड सून बघते, मनीषा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं कुलूप काढलं, बायका आल्या, न सांगता घमेल्यात हात बुडवून कामाला बसल्या. मनीषा मला हळूच म्हणाली, "काकू, लोक आईंच्या शब्दावर येत होते. माझ्यावर येतील का?" म्हणून म्हणते, टोमॅटो लावणार असाल तर तुम्हीच या. रोपं हातात घेऊन बघा, तिला उलटसुलट विचारा, चुकलं तर तोंडावर सांगा. सासूही तशीच शिकली होती. पण लवकर या गं, पोरगी रोज फाटकाकडे बघत असते.