वच्छलाबाईंचा पापुद्रा

आमच्या प्रयोगशाळेत पाय धुतल्याशिवाय कोणालाही प्रवेश नव्हता. हा नियम कॉलेजचा नव्हता, वच्छलाबाईंचा होता. एकदा प्राचार्य बुटांसकट आत निघाले, तर बाईंनी दारात झाडू आडवा धरला. "मार्कंड्याच्या देवळात बूट घालून जाता का, सर?" प्राचार्यांनी मुकाट बूट काढले. त्यांच्या मोज्याला भोक होतं, तेही बाईंनी सगळ्यांदेखत दाखवून दिलं.

बाई चिमूरकडच्या. हुद्दा परिचराचा, तोरा विभागप्रमुखाचा. विभागप्रमुख खरं तर मी होतो, पण ते माझ्याखेरीज कोणी फारसं मनावर घेत नसे. आम्ही सिलिकॉनचे अतिपातळ पापुद्रे बनवत होतो. दोन्ही बाजूंनी वीज दिली की पापुद्रा दबून पसरतो, बंद केली की पूर्ववत होतो. म्हणजे स्नायूच झाला. तो जितका पातळ, तितकी कमी दाबाची वीज पुरते, आणि माणसाच्या अंगाला लावायचं तर दाब कमीच हवा. लकव्यानं मिटेनाशी झालेली पापणी मिटवणारा स्नायू आम्हाला करायचा होता. पण चंद्रपूरची कोळशाची धूळ! एक कण बसला की तिथेच पापुद्रा फट्‌कन फाटायचा. म्हणून ते पाय धुणं.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, "आमच्या घरच्यायची पापनी मिटन का यानं?" त्यांच्या यजमानांचा डावा डोळा लकव्यानंतर मिटत नव्हता. झोपताना बाई त्यावर पट्टी बांधत. मी उत्साहाच्या भरात "का नाही!" म्हणून मोकळा झालो.

नागपूरचे डॉक्टर काम पाहायला यायचे होते आणि महिनाभर एकही पापुद्रा धड घट्ट होईना. सगळे चिकट. मी रसायनं बदलली, भट्टी बदलली, चिडचिड वाढवली. बाई माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

"हातमोजे काढा. पालथ्या मटक्यावरची पापुद्र्यावानी पातळ लांब रोटी कोनी मोजे घालून करते का?"

"बाई, हे विज्ञान आहे."

"असन. पन जिथी तुमचे बोटं लागले, तिथीच चिकट हाय."

मी हसलो. मग काच उजेडात धरली. पाच बोटांचे पाच डाग! रबरी हातमोज्यांतलं गंधक सिलिकॉनला घट्ट होऊ देत नव्हतं. हे पुस्तकात असतं; मी ते वर्गात शिकवलंही होतं. स्वच्छतेपायी महिनाभर मीच घाण करत होतो. बाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, उघड्या हातांनी काच धरली आणि दुसऱ्या दिवशी अख्खा पापुद्रा अलगद सोडवून माझ्यापुढे ठेवला. "आता तुमी पेपर ल्याहा, काम मी करतो."

डॉक्टरांसमोर कमी दाबाच्या विजेवर चेहऱ्याच्या रबरी नमुन्याची पापणी मिटली. टाळ्या झाल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्या जवळ आल्या.

"सर, खरं सांगा. आमच्या घरच्यायच्या जिनगानीत होईन का हे?"

अहवालात मी 'लवकरच' हा शब्द सढळ हातानं वापरतो. त्या वेळी तो तोंडातून निघेना.

"बहुतेक नाही, बाई. माणसाच्या डोळ्याला लावेपर्यंत अजून कैक वर्षं जातील." पहिल्या दिवशीच्या माझ्या थापेची मला फार लाज वाटली.

बाईंनी ती रबरी पापणी फडक्यानं पुसून जागेवर ठेवली.

"मंग दुसऱ्या कोनाच्या घरच्यायची मिटन," त्या म्हणाल्या. "सरका आता, काच धुवाची हाय."

मी सरकलो.