पंचर पुढं, स्टेपनी मागं

माझ्या गाडीची स्टेपनी पुढच्या चाकाच्या जागी बसत नव्हती, आणि हे मला पक्कं माहीत होतं. तरीही कोंढ्याच्या एका घराच्या अंगणात, आठ-दहा माणसांसमोर मी म्हणालो, “बसते की. का नाही बसणार?” त्या वाक्यानं माझ्या साळ्याची ठरत आलेली सोयरीक मोडली. चूक माझी होती. ती माझी आहे हे सांगायला मला अकरा वर्षं लागली.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मी तुमसरला एका हायस्कुलात शिक्षक होतो. सेकंडहँड छोटी गाडी घेतली होती. गाडी चांगली होती, पण माणसांनी भरली की लवकर थांबायची नाही. एकदा करडीला, माझ्या सासुरवाडीला जाऊन परत येताना रस्त्यात म्हशींचा कळप आडवा आला. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो, तरी शेवटच्या म्हशीला गाडी टेकलीच. म्हशीला काही झालं नाही. तिनं मागं वळून पाहिलं आणि ती चालू लागली. बायको मात्र आठवडाभर बोलत होती.

मग नागपूरच्या एका ओळखीच्या गॅरेजात गेलो. तिथं त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे पुढचे ब्रेक भंगारातून काढून ठेवलेले होते. चकती मोठी, आणि चकतीला दोन्हीकडून दाबणारा लोखंडी पंजा, ज्याला कॅलिपर म्हणतात, तोही मोठा. ते माझ्या गाडीला बसले. पण त्यांच्यावरून माझी जुनी लोखंडी चाकं जाईनात, रिम कॅलिपरला अडायची. एक इंच मोठी, बाहेरची अलॉय चाकं घ्यावी लागणार होती. खरं सांगायचं तर ऐकून मला आनंदच झाला. ती चमकणारी चाकं मला केव्हाची हवी होती. ब्रेकनं कारण मिळवून दिलं.

चाकांचा पहिला संच जमला नाही. रिम वरून गेली, पण चाकाच्या दांड्या कॅलिपरला टेकतील की काय अशी शंका होती. गॅरेजवाल्यानं बाजूच्या समोशाच्या टपरीवरून मळलेल्या कणकेचा गोळा मागून आणला. त्याच्या चपट्या गोळ्या करून कॅलिपरवर चिकटवल्या, चाक चढवलं, हातानं फिरवलं आणि परत काढलं. कणीक कागदासारखी पातळ झाली होती. “घासन हे, गरम झाल्यावर,” तो म्हणाला. दुसरा संच लावून पाहिला तेव्हा कणीक बोटभर जाड उरली. हा संच त्यानं पक्का केला.

काम झाल्यावर हात पुसता पुसता तो म्हणाला, “सर, पाचवं चाक बी घेऊन टाका. तुमची जुनी स्टेपनी आता पुढं बसत नाई. मागं बसते, मागं जुनाच ड्रम ब्रेक हाय.”

“पुढचं पंचर झालं तर?”

“मागचं चांगलं चाक काढून पुढं लावाचं, अन् स्टेपनी मागं. पण एका जॅकवर ते करनं म्हंजे कसरत हाय. अन् गाडी कोनाले देसान, तं सांगून देजा बरं.”

मी पाचवं चाक घेतलं नाही. बाहेरून चारच चाकं दिसतात. पाचवं डिकीत झाकलेलं असतं, ते कोण पाहणार?

आता साळ्याबद्दल. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. करडीला वडिलांचं धानाचं शेत होतं आणि हा तुमसरच्या एका राईस मिलच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. बोलायला कमी, पण हातात कसब होतं. मिलमध्ये कुठं काही अडलं की मिस्त्री यायच्या आधी लोक याला हाक मारायचे. त्याच्यासाठी कोंढ्याची एक मुलगी सांगून आली. मुलीचे वडील एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. मध्यस्थानं निरोप आणला होता, “पोरगा ड्रायव्हर हाय हेच त्याईले पसंद पडलं. म्हंते, माही पोरगी ड्रायव्हरच्या घरचीच हाय.” फोटो आवडला होता, चौकशी झाली होती. एकदा समोरासमोर बसायचं तेवढं राहिलं होतं.

सासरे म्हणाले, “एष्टीनं जाऊ न. पोरीचा बापच एष्टीचा हाय.”

मीच अडून बसलो. “माझी गाडी न्या. पाहुण्यांच्या दारात उतरताना बरं दिसते.”

मला त्या दिवशी सकाळी भंडाऱ्याला परीक्षेचं काम होतं. तिथून मी मध्यस्थाच्या मोटरसायकलवर परस्पर कोंढ्याला जाणार होतो. आदल्या दिवशी गाडी करडीला नेऊन दिली, बायकोलाही तिथं सोडलं. साळ्याच्या हातात किल्ली ठेवताना स्टेपनीची गोष्ट माझ्या अगदी ओठावर होती. तेवढ्यात सासरे चाकांवरून हात फिरवत म्हणाले, “चाकं तं लय भारी हायत, जवाईबापू.” मग माझ्यानं बोलवेना. सांगायला विसरलो, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला समजावत राहिलो. विसरलो नव्हतो.

कोंढ्याला मी आणि मध्यस्थ अकराच्या सुमारास पोचलो. जयभीम झाला, पाणी झालं. मुलीचे वडील उंच, ताठ बसणारे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. बारा वाजले तरी आमची गाडी आली नाही. साळ्याचा मोबाइल लागेना. वेळ काढायला आम्ही गाड्यांवर बोलत होतो.

“गाडी सोता पाहता का, सर?” त्यांनी विचारलं.

“सगळं स्वतः. माझी गाडी कधीही, कुठंही न्या. कशाची कमी सापडायची नाही.”

“असंच पायजे,” ते म्हणाले.

दीड वाजता गाडी आली. आम्ही सगळे अंगणात आलो. सासू-सासरे उन्हानं वाळून गेले होते. बायको रागात होती. साळा खाली उतरला तो कोपरापर्यंत काळा. खास शिवून घेतलेल्या शर्टावर ग्रीसचे पट्टे, पँटीचे गुडघे मातीनं भरलेले. त्यानं नमस्काराला हात उचलले आणि ते पाहून परत खाली घेतले.

मुलीच्या वडिलांनी आधी त्याच्याकडे पाहिलं नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली. रिटायर झाल्यानं ती सवय जात नसावी. मागच्या डाव्या चाकापाशी ते थांबले. तीन चाकं चमकत होती आणि हे एक जुनं, काळं, इंचभर लहान.

“पंचर कोनतं झालतं?”

“पुढचं. डावं. टायरची बाजूच चिरली.”

“मंग स्टेपनी मागं काहून?”

“पुढं बसून नाई राहिली.”

“बसून नाई राहिली म्हंजे? तीस वर्सं गाडी चालवली म्या. नट निघत नाई असं पायलं. चाकच बसत नाई असं नाई पायलं.”

साळा काही सांगू लागला, पण शेजारपाजारचे हसायला लागले होते. मुलीच्या वडिलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ते माझ्याकडे वळले. “सर, गाडी तुमची हाय. पुढं स्टेपनी बसत नाई का?”

तासाभरापूर्वी याच माणसाला मी सांगितलं होतं की माझ्या गाडीत कशाची कमी सापडायची नाही. बाजूला सासरे उभे होते, बायको उभी होती. मी म्हणालो, “बसते की. का नाही बसणार?”

“पंचर पुढं, स्टेपनी मागं!” गर्दीतला एक जण ओरडला. “असा डायवर कुठं भेटन बाप्पा!” सगळे हसले. मीही हसलो. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी हसलो.

साळ्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, “माहंच चुकलं असन.”

मुलगी तांब्या आणि कपड्याची पावडर घेऊन आली. अंगणाच्या कडेला तिनं त्याच्या हातावर पाणी घातलं. काळं निघेना, तेव्हा कोणी न सांगता आत जाऊन रॉकेलचा बोळा घेऊन आली. बाकीचे पोह्यांकडे वळले होते. ती दोघं तिथं जरा जास्त वेळ उभी होती.

परत येताना गाडी मी चालवली. रस्त्यात काय झालं ते बायकोकडून कळलं. भंडारा सोडल्यावर एका दगडानं टायर चिरला होता. त्यानं स्टेपनी पुढं लावून पाहिली, वाकून आत पाहिलं आणि लगेच काढली. मग शेतातल्या झोपडीतून एक लाकडाचा ओंडका उचलून आणला, दगड रचले, पुढची बाजू त्यावर टेकवली, जॅक मोकळा करून मागं नेला. मागचं चाक पुढं, स्टेपनी मागं. गॅरेजवाल्यानं मला सांगितलेली कसरत, त्याला कोणीही न सांगता, भर उन्हात, एकट्यानं. बायको मात्र त्यालाच बोलत होती, “साधं एक चाक लावाले दोन तास? लोक काय म्हनले असतीन?” तो मागं बसून बाहेर पाहत होता. मी तिला थांबवलं नाही, गाडी चालवत राहिलो.

चार दिवसांनी मध्यस्थ नकार घेऊन आला. मुलीच्या वडिलांचे शब्द त्यानं जसेच्या तसे सांगितले, “पोरगी मी डायवरले देतो म्हनलं होतं. ज्याले चाक बदलवता येत नाई, त्याच्या गाडीत माही पोरगी जनमभर कशी बसन?”

त्याच आठवड्यात मी नागपूरला जाऊन पाचवं चाक आणलं. जुनी स्टेपनी भंगारात दिली. उद्या कोणी पाहिलं असतं तर माझी स्टेपनी पुढं छान बसली असती.

ती गोष्ट कोंढ्याहून करडीला आली, करडीहून मिलमध्ये गेली. ट्रक फाटकातून आत येताना हमाल ओरडायचे, “ओ, पंचर पुढं!” तो हसून हात करायचा. तीन वर्षांनी त्याचं दुसरीकडे लग्न झालं, संसार चांगला चालला. बघ, कोणाचं काही अडलं नाही, असं मी मनाला सांगायचो. माझ्या गाडीला मात्र त्यानं परत हात लावला नाही. ‘घेऊन जा’ म्हटलं तर म्हणायचा, “नोको भाऊजी, मोटरसायकल बरी.”

मागच्या वर्षी तो आमच्याकडे जेवायला आला होता. माझी मुलगी तेव्हा गाडी शिकत होती. पानावर बसल्यावर तिनं त्याला विचारलं, “मामा, पुढचं चाक पंचर झालं तं स्टेपनी कुठं लावाची?” सगळे हसले. तोही हसला आणि भातावर वरण घेतलं. ही गंमत मुलीला कोणी सांगितली होती? मीच. घरात चार वेळा रंगवून सांगितली होती.

तो निघाला तेव्हा मी मागोमाग फाटकापर्यंत गेलो. म्हणालो, “त्या दिवशी मी खोटं बोललो. स्टेपनी पुढं बसत नव्हती. मला माहीत होतं.”

“मले मालूम हाय, भाऊजी. कॅलिपर पायलं न म्या. एका नजरेत समजलं.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुमी जवाई. ताई बाजूले उभी. काय बोलू?”

“माझं चुकलं. मला माफ कर.”

त्यानं मोटरसायकल स्टँडवरून काढली. रागानं नाही, समजावून सांगावं तसं म्हणाला, “मले काहून सांगून राहिले? मले तं त्याच दिवशी मालूम होतं. ज्याले मालूम नाई, त्याले सांगा न.”

आत जाऊन मी बायकोला आणि मुलीला सांगितलं. मुलगी उठून दुसऱ्या खोलीत गेली. बायको ताटं गोळा करायला लागली. मग म्हणाली, “अकरा वर्सं मी त्यालेच बोलत होती.”

त्या रविवारी मी कोंढ्याला गेलो, एकटाच. अंगणात लाखोरीची डाळ वाळत घातली होती. मुलीचा बाप, आता पार म्हातारा, बाजेवर बसून कोंबड्या हाकलत होता. त्याच्या मुलीचं विचारलं, तर ती लग्न होऊन नागपूरकडे गेल्याचं त्यानं सांगितलं. मला मात्र त्यानं ओळखलं नव्हतं. करडीचं नाव काढलं, गाडीचं सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा खुलला. “अरे हो! तो पोट्टा, पंचर पुढं...”

“त्याचंच सांगायला आलो,” मी म्हणालो, आणि ठरवून आणलेलं सगळं बोलून टाकलं.

“काय म्हंता? जरा जोरात सांगा, कान गेले माहे.”

शेजारच्या ओसरीवर दोन बायका सूप घेऊन बसल्या होत्या, त्यांनी हात थांबवले. रस्त्यानं जाणारा एक जण कुंपणापाशी उभा राहिला. मी त्यांच्याकडेही पाहिलं आणि मोठ्यानं म्हणालो,

“बाबाजी, माझ्या गाडीची स्टेपनी पुढं बसत नव्हती. ब्रेक मी मोठे लावले होते, चाकं बदलली होती, स्टेपनी तेवढी जुनीच ठेवली होती. मला माहीत होतं आणि मी त्या पोराला सांगितलं नाही. तुम्ही विचारलं तेव्हा तुमच्या तोंडावर खोटं बोललो. त्यानं एका जॅकवर, रस्त्यात, एकट्यानं चाकं बदलली होती आणि ती बरोबर बदलली होती. तो चांगला ड्रायव्हर होता, आजही आहे. तुम्ही मुलगी द्यायला नाही म्हणालात ते माझ्या शब्दावर. मी तुमची माफी मागतो. तुमच्या मुलीला सांगाल तर तिचीही मागतो.”