दारावरचे दोन नाग

काकांची मोटार आमच्या वाट्याला आली तेव्हा आनंद फक्त मला झाला. आईने कपाळाला हात लावला आणि नाना, म्हणजे माझे वडील, दोन दिवस नीट जेवले नाहीत.

काका नानांचे थोरले भाऊ. ग्वाल्हेर दरबारच्या मोटारखान्यावर त्यांची उभी हयात गेली. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. ते वारले तेव्हा लष्कर भागातलं त्यांचं दोन खोल्यांचं घर नानांकडे आलं आणि घरामागच्या बग्गीखान्यात विटांवर उभी असलेली ती विलायती मोटारही. गडद हिरवी, उघड्या टपाची, पितळी दिव्यांची. आम्ही त्या घरात राहायला गेलो तेव्हा गादीतला काथ्या उंदरांनी बाहेर काढला होता. टायर चिरले होते. दरबारने ती आपल्याला बक्षीस दिली असं काका सांगत. कागद मागितला की चिडत. "सरकारांनी तोंडाने दिलेली चीज आहे. तिचा कागज मागू मी?"

नानांची झोप उडाली ती या कागदापायी. संस्थान विलीन झालं तेव्हा दरबारची खाजगी मालमत्ता कुठली आणि नव्या सरकारची कुठली याच्या याद्या झाल्या होत्या. त्यांच्या स्वच्छ प्रती काढायला जे कारकून बसवले त्यांत नाना होते. त्यांच्याकडे गालिचे, झुंबरं आणि खुर्च्या आल्या. मोटारखान्याची यादी दुसऱ्याच कुणी उतरवली आणि नानांनी ती कधी पाहिली नाही. काकांची मोटार त्या यादीत सरकारी म्हणून चढली असेल तर? मग आठ वर्षं आपल्या भावाने सरकारी माल घरात दडवला आणि आता आपण तो विकायला निघालो, असा त्याचा अर्थ. नाना असे की दुधात माशी पडली तर गवळ्याला न बोलता वर अर्ज करतील. मी त्यांची यावरून फार थट्टा करत असे.

पण विकल्याशिवाय गत्यंतरही नव्हतं. मध्य भारत राज्य मोडून नवं राज्य होणार होतं, कचेऱ्या भोपाळला जाणार होत्या आणि नानांचं नाव जाणाऱ्यांत होतं. तिथे घर मिळेल की नाही ठाऊक नव्हतं. मोटार कुठे नेणार?

तिची किंमत काय करायची हे कुणालाच सांगता येईना. पाटणकर बाजाराच्या मागच्या मिस्त्रीने बॉनेटवर थाप मारली, धूळ खाल्ली आणि म्हणाला, "इंजन जाम है बाबूजी. पर दिये असली पीतल के हैं." त्याला फक्त दिवे हवे होते. कबाडी आला तो लोखंडाच्या भावाने बोलला. दोनशे साठ. मी त्याला दारातूनच वाटेला लावलं. पितळी दिव्यांच्या, चामड्याच्या गादीच्या विलायती मोटारीला लोखंडाचा भाव सांगतो म्हणजे काय! नाना मागून म्हणाले, "अगं, इतक्या जोरात नको. शेजारी ऐकतील."

मग मिस्त्रीच्याच सांगण्यावरून दाल बाजारातले एक शेठजी आले. साठीचे, धोतर, काळी टोपी. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंही नाही. सगळ्या बाजूंनी एक फेरी मारली आणि मागच्या डाव्या दारापाशी थांबून धोतराच्या सोग्याने धूळ पुसली. तिथे दरबारचं चिन्ह होतं. तळहाताएवढे, फणा काढलेले दोन नाग आणि मध्ये सूर्य, सगळं सोनेरी रंगात. उजव्या दारावरचं चिन्ह छपराच्या गळतीने केव्हाच धुऊन गेलं होतं. एवढं एकच उरलं होतं.

"इसी निशान को देखकर हमारे पिताजी दुकान से उतर आते थे," शेठजी म्हणाले. "गाड़ी आगे निकल जाए तब तक हाथ जोड़े खड़े रहते थे. मैंने भी जोड़े हैं. अब मेरा पोता इसमें बैठेगा. बारात सराफ़े से होकर बाड़े तक जाएगी."

इंजिन, टायर, गाद्या सगळं आपण करून घेऊ, फक्त रंगाला कुणाचा हात लागू देऊ नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आणि किंमत सांगितली बाराशे रुपये. नानांचा पगार तेव्हा दीडशेच्या आत होता. मी तर मनात नोटा मोजायलाही लागले. नानांचा चेहरा मात्र पडला. "राखीनंतर या," ते म्हणाले.

शेठजी गेल्यावर मी नानांवर तुटून पडले. "माणूस पैसे घेऊन दारात उभा आहे नाना, आणि तुम्ही राखी राखी काय करून राहिलात?"

"एवढ्यात माझ्याकडून नाही होणार," एवढंच ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

चारच दिवसांनी त्यांचा कोट धोब्याला द्यायला काढला आणि आतल्या खिशात घडी केलेला कागद सापडला. खाडाखोड केलेला, अर्जाचा कच्चा मसुदा. हिंदीतला, कचेरीच्या भाषेतला. भावाच्या पश्चात अमुक एक मोटार ताब्यात आली आहे, तिच्या दारावर दरबारचं चिन्ह आहे, ती सरकारी आहे की खाजगी याचा खुलासा व्हावा. आणि शेवटी, सरकारी ठरल्यास मी शिक्षेला पात्र राहीन. हे शेवटचं वाक्य तीनदा खोडून तीनदा लिहिलं होतं.

त्याच वर्षी समोरच्या गल्लीतले एक कारकून, जुन्या कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ घरी सापडलं म्हणून निलंबित झाले होते. घड्याळापायी नोकरी जाते, तर इथे आख्खी मोटार होती. मसुदा खिशातच होता, म्हणजे अर्ज द्यायची नानांची हिंमत झालेली नाही, असं मी धरून चालले. आता ते बाराशे घेतील आणि शेठजी वरात काढतील. सराफा बाजारातून, भर बाजारपेठेतून, बाड्याच्या चौकावरून, दारावर दोन नाग मिरवत. ग्वाल्हेरात कोण विचारणार नाही, ही दरबारची मोटार आली कुठून म्हणून? आणि शेठजी अभिमानाने नानांचं नाव सांगतील.

कॉलेजात माझं लक्ष लागेना. कुणी शिपाई गल्लीत दिसला की मी खिडकी लावून घेत असे. सगळ्याचं मूळ ते चिन्ह, असं मी स्वतःला पटवलं. चिन्ह नाही तर दरबार नाही, दरबार नाही तर भानगड नाही. शेठजी कुरकुरतील, फार तर शंभर रुपये कमी देतील. एवढा सरळ हिशेब होता माझा. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचा भारी भरवसा होता.

मध्ये नागपंचमी आली. आईने पाटावर गंधाने नाग काढले, दिंडं उकडली. त्या दिवशी आमच्याकडे विळी आडवी पडत नाही की चुलीवर तवा चढत नाही. चिरायचं नाही, खणायचं नाही, खरवडायचं नाही. बी.ए.च्या वर्गात बसून मी असल्या गोष्टींना हसत असे, पण त्या दिवशी बग्गीखान्यात पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. एक दिवस थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना कचेरीत होते, आई आडवी झाली होती. फुटक्या बरणीची काच आणि सुताराकडून आणलेला, लाकूड घासायचा रेगमाल घेऊन मी मोटारीपाशी बसले. सूर्य लवकर गेला. नाग जाईनात. सोनं निघालं तरी त्यांचे फणे खालच्या हिरव्या रंगात दिसतच राहिले, म्हणून हिरवा काढला, त्याखालचा तांबडा काढला आणि पत्रा लागला. घाम डोळ्यांत जात होता. शेवटी काजळ आणि मोहरीचं तेल कालवून वर फासलं. ते आणखीच वाईट दिसलं, भाजल्याचा डाग दिसतो तसं. मग मी दारावर गोणपाट टाकलं आणि आत जाऊन आईसाठी चहा ठेवला. शेठजी येईपर्यंत रोज दुपारी ते उचलून उरलेल्या हिरव्या कडा मी नखांनी खरवडत राहिले.

राखीनंतर दोन दिवसांनी शेठजी आले. बरोबर मिस्त्री, हातात झेंडूचा हार आणि पेढ्यांचा पुडा. नाना त्यांना थांबवायच्या तयारीने बाहेर आले होते. काहीतरी सबब त्यांच्या ओठांवर होती. तेवढ्यात शेठजींनीच गोणपाट उचललं.

शेठजींनी तो डाग बोटाने चाचपला. बोटाला काजळ आलं.

"ये किसने किया?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. नानांनी डागाकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. क्षणभरच. मग शेठजींना म्हणाले, "मैंने किया."

"क्यों बाबूजी? मैं तो हाथ जोड़कर कह गया था."

"डर गया था," नाना म्हणाले.

शेठजी चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत. हार त्यांनी परत मिस्त्रीच्या हातात दिला. "सौदा तो निशान का था. गाड़ी तो मैं नई भी ले लूँ." पेढे मात्र ते ठेवून गेले. शुभ कामासाठी आणलेली मिठाई परत न्यायची नसते, म्हणाले. तो पुडा आमच्याकडे कुणी उघडला नाही.

मी बोलले नाही. रोज ज्यांना भित्रं म्हणून चिडवत होते ते पुढे उभे राहिले आणि मी चौकटीमागे. संध्याकाळी मी भाजी निवडत असताना नाना जवळून जाता जाता म्हणाले, "नखं कापून टाक. घाण दिसतात." मी कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्यांना छेडलं. बाराशे रुपयांवर पाणी का सोडलंत म्हणून. तेव्हा ते म्हणाले, "अर्ज जेठातच देऊन टाकला आहे मी. जवाब येण्याआधी विकणार नव्हतोच. म्हणून तर राखी सांगितली होती." आणि खालच्या आवाजात, "अर्जात निशाणीचं लिहिलं आहे. तपासायला कोणी आलं तर..."

माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. म्हणजे मसुदा नुसता मसुदा होता. खरा अर्ज केव्हाच गेला होता आणि त्यात नानांच्या हाताने लिहिलेलं होतं की दारावर चिन्ह आहे. आता कुणी आलं असतं तर त्याला चिन्हाच्या जागी खरवडलेला पत्रा दिसला असता. ज्या संकटातून त्यांना सोडवायला गेले त्यातच मी त्यांना आणखी खोल लोटलं होतं.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कडी वाजली की मी आईला दार उघडायला पाठवत असे. नानांची पाठ दिसली की वाटायचं, आता सांगून टाकावं. सांगितलं नाही. आधी भाद्रपद गेला, मग भोपाळचा हुकूम आला, भांडी गोणपाटात बांधायला घेतली. दसऱ्याला आईने, काका असताना दरवर्षी येऊन करायची तशी, मोटारीची पूजा केली. तिचं बोट सवयीने नागांवर हळदकुंकू लावायला गेलं, थबकलं आणि मग तिने ते त्या डागावरच लावलं. नानांनी बॉनेटवर सोनं ठेवलं, हात जोडले. मला तिथे उभं राहवेना.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी नाना कचेरीतून आले, एक लिफाफा मेजावर ठेवला आणि पाय धुवायला गेले. मी तो उघडला. सदर मोटार आपल्या बंधूंना बक्षीस दिल्याची नोंद मोटारखान्याच्या यादीत आहे, सरकारचा तिच्यावर हक्क नाही. मी मोठ्याने ओरडले, "आई! मोटार आपली आहे!" मग खालचं वाचलं.

आपले दोन्ही अर्ज पाहिले, असं लिहिलं होतं. दोन्ही? दुसरा अर्ज श्रावणातला होता, शेठजी परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात नानांनी कळवलं होतं की दारावरचं चिन्ह आपण स्वतः खरवडून काढलं आहे. आणि चौकशी चालू असताना हे कृत्य केल्याबद्दल त्यांना सक्त ताकीद देण्यात येत होती. ताकीद सेवापुस्तकात नोंदली होती.

नाना टॉवेलने पाय पुसत आले. मी कागद धरून उभी.

"ते मी केलं होतं," मी म्हणाले.

"माहीत आहे. तुझ्या नखांत हिरवा रंग होता."

"मग लिहून कशाला दिलंत? कुणी तपासायलासुद्धा आलं नाही!"

"आले असते तर घरात कोण कोण आहे विचारलं असतं." त्यांनी लिफाफा माझ्या हातातून घेतला, घडीवर घडी नीट पाडली. "तू तर माझ्याचसाठी केलंस ना. जाऊ दे."

मी तेव्हा रडले, आणि रागही आला, त्यांचा आणि माझा दोघांचा. जन्मभर खोटी सही न केलेल्या माणसाने पहिली खोटी सही केली ती माझ्यासाठी.

मोटार कबाड्यानेच नेली, त्याच दोनशे साठला. ढकलायला चार माणसं लागली. गल्लीच्या वळणावर तिचं डावं दार उघडलं, तर नाना चालत पुढे गेले आणि त्यांनी ते हाताने लावून दिलं.

पुढे भोपाळला त्यांना निवृत्त होताना सेवापुस्तकाची नक्कल मिळाली. ती आता माझ्याकडे आहे. सगळी पानं स्वच्छ, कुठे डाग नाही, कामाबद्दल चांगलेच शेरे. एका पानावर तेवढी ती ताकीद. त्यांचं नाव घालून लिहिलेली, पण खरी माझी.