अर्जात न बसणारी हुशारी

अर्जलेखन ही कला आहे असे मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. हसणाऱ्यांपैकी काही जण पुढे कधीतरी माझ्या टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसतात, आणि तेव्हा ते हसत नाहीत. कचेरीच्या कुंपणाला लागून माझे टेबल आहे. वर ताडपत्री, टेबलावर मराठी टाइपरायटर. शाळा नववीत सुटली, परंतु भाषा सुटली नाही. आणि कोणत्या साहेबांपुढे कोणता शब्द ठेवावा याविषयी माझा सल्ला वकील मंडळीही घेत असत, हे नमूद करण्यात मला संकोच वाटत नाही.

आमच्या धंद्याच्या दोन रीती सांगितल्या पाहिजेत, कारण पुढचे सारे त्यांच्यावरच उभे आहे. पहिली अशी की अर्जदार जितका दीन दिसेल तितका अर्ज सबळ होतो. पाय मुरगळलेल्या माणसाला मी जायबंदी करीत असे, आणि ज्याचा भाऊ विचारत नाही त्याला निराधार. यात खोटेपणा आहे असे मला कधी वाटले नाही. साहेबांच्या टेबलावर ढीग असतो. त्या ढिगातून आपल्या कागदाने साहेबांचा हात धरायचा असतो. दुसरी रीत अशी की टाइप केलेला मजकूर अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याची मान हलली की मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. पहिली रीत अनुभवाने शिकलो. दुसरी मला ज्यांनी धंदा शिकवला त्यांची.

ती वर्षे अशी होती की पुण्यात हुशारीचे एकच माप चालत होते. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या, आणि नारायण पेठेतल्या आमच्या आळीत ज्या घरातला मुलगा संगणकाच्या कंपनीत लागला ते घर हुशार ठरत होते. मुलगा अमेरिकेला पोचला तर त्या घरातले मांजरसुद्धा हुशार. माझ्या शेजारच्या टपरीत एका गृहस्थांनी संगणक आणि प्रिंटर मांडला होता. ते मला म्हणत, "अहो, तुमचं यंत्र आता संग्रहालयाला देऊन टाका." मी म्हणे, "देतो की. त्यासाठी अर्ज करावा लागेल; तो आपण लिहाल का?"

अशा दिवसांत एका सकाळी धायरीहून एक जोडपे आले. बोलण्यावरून विदर्भातले, हे पहिल्याच वाक्याला कळले. नवरा हिंजवडीच्या एका कंपनीची कर्मचाऱ्यांना नेणारी बस चालवत होता, बायको त्याच भागात एका इमारतीत साफसफाईचे काम करत होती. दोघांच्या मध्ये चार-पाच वर्षांची मुलगी. केसांना घट्ट वेण्या, डोळे सारखे फिरते. ती आल्याआल्या माझ्या टाइपरायटरकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहू लागली, आणि मी बोलायचा थांबलो की बापाच्या तोंडाकडे.

"जन्मापासून ऐकू येत नाही जी," बाप म्हणाला. "कानाची मशीन लावून पाहिली. काही फरक नाही पडला. आता डॉक्टर म्हणते, डोक्यात बसवा लागते."

मी विचारले ते सारे त्याने नीट सांगितले. कानामागचे हाड कोरून त्वचेखाली एक यंत्र बसवायचे, त्याची बारीक तार कानाच्या आत शंखासारखा भाग असतो त्यात सोडायची, आणि बाहेरून एक चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटवायची. बाहेरची चकती आवाज आत पोचवणार, आतली तार थेट नसेला इशारे देणार. खर्च दोघांच्या आवाक्याबाहेरचा होता. पण सॉफ्टवेअरमध्ये नाव कमावलेल्या एका उद्योजकाचा ट्रस्ट निवडक मुलांचा तो खर्च करत होता. त्यासाठी मुलीची हकिकत सांगणारा अर्ज पालकांनी द्यायचा होता. अर्ज पसंत पडला तर मुलाखत. आणि उशीर चालणार नव्हता. मूल मोठे होत गेले की यंत्राचा उपयोग कमी होत जातो, असे डॉक्टरांनी बजावले होते.

मी कागद चढवला आणि मनापासून लिहिले. नंतर, रीतीप्रमाणे, वाचून दाखवू लागलो. "सदर मुलगी जन्मतः मुकी, बहिरी व मतिमंद असून तिचे जीवन पशुवत..."

"थांबा जी," आई म्हणाली. तोवर ती एक अक्षर बोलली नव्हती. "काय लिहिलं ते?"

"पशुवत. म्हणजे..."

"त्याच्या आधी."

"मतिमंद."

"मंद नाही जी माही पोरगी."

नवऱ्याने तिच्या कोपराला हात लावला. "अवं, लिहू दे ना. काय लिहा लागते ते त्यायले समजते."

मी समजावणीच्या स्वरात म्हणालो, "बाई, हा शब्द आपल्या मुलीसाठी नाही. अर्ज वाचणाऱ्या साहेबांसाठी आहे."

"मंग त्यायलेच लावा ना."

शेजारच्या टपरीतून संगणकवाले गृहस्थ मोठ्याने हसले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

बाईने सही करायला साफ नकार दिला. एका शाळेने मुलीला दारातूनच परत पाठवले होते, बोलत नाही म्हणजे समजत नाही असे सांगून. सासूही गावाहून तेच म्हणत होती. आता स्वतःच्या सहीने तेच लिहून द्यायचे, हे तिला मान्य नव्हते. नवरा म्हणाला, "शब्दापायी पोट्टीचं ऑपरेशन घालवतं काय?" ती म्हणाली, "ऑपरेशन कानाचं हाय. डोक्याचं नाही."

मी चष्मा काढला, पुसला. "ठीक आहे. मतिमंद काढतो. मग काय लिहू? हुशार? हुशार म्हटले की दाखला लागतो. शाळेचा निकाल नाही, बोलणे नाही. साहेब विचारतील, कशावरून?"

तिने मुलीच्या हाताकडे पाहिले. मला वाटले, आता मान हलवेल. मग म्हणाली, "आमच्या इकडे नळाले पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. सगळ्या बाया नळ सोडून ठेवतात, अन् हवेचा सू सू आवाज आला की पळतात. हे पोरगी पाइपाले हात लावून बसते. आवाज यायच्या आधीच पदर ओढते. बाकीच्या बाया यायच्या आधी माही बादली लागलेली राहते."

"हे काय अर्जात लिहाचं असते काय?" नवरा म्हणाला.

माझेही तेच मत होते. इतक्या वर्षांत मी एकाही अर्जात नळ घातला नव्हता. परंतु सही हवी होती, आणि मुलगी त्या क्षणी माझ्या तोंडाकडे अशी पाहत होती की, मी नाही म्हणणार आहे हे तिला आधीच कळले असावे. मी नवा कागद चढवला आणि लिहिले: "सदर मुलगी नळाच्या पाइपास हात लावून पाणी येत असल्याचे इतरांच्या अगोदर ओळखते व आईस खुणेने कळविते." पशुवत हा शब्दही गेला, दोन्ही शब्द एकमेकांच्या आधाराने उभे होते, एक काढल्यावर दुसरा टिकेना. अर्ज निम्मा झाला. वाचून दाखवला तेव्हा बाईने मान हलवली आणि मोठ्या, सावकाश अक्षरांत सही केली.

त्या संध्याकाळी लकडी पुलावरून घरी जाताना मी अस्वस्थ होतो. अर्ज अशक्त झाला याचे दुःख होतेच. परंतु एक प्रश्नही मागे लागला होता. ज्याच्यापाशी शब्द अधिक तो बुद्धिमान, हे माझे आयुष्यभराचे माप. शाळा अर्धी राहिलेल्या माणसाला असे माप सोयीचे असते, हेही मला कळते. पण त्या मुलीपाशी एकही शब्द नव्हता. 'पाणी' हा शब्द तिने ऐकला नव्हता, 'येणार' हा तर नाहीच. मग पाइपावर हात ठेवून ती कशात विचार करत होती? मी काहीही मनात आणले की त्याचे लगेच वाक्य होते, आणि वाक्य झाले की मला वाटते, समजले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी यायच्या वेळेला मी आमच्या मोरीतल्या पाइपावर हात ठेवून उभा राहिलो. मला पाइप गार लागला, एवढेच. आतून सौभाग्यवती म्हणाली, "अहो, नळ खाली आहे."

काही आठवड्यांनी मुलाखतीचे बोलावणे आले. बाई म्हणाली, "तुम्ही चाला जी. मोठ्या माणसापुढं मले बोलता येत नाही." मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. रुग्णालयातली एक खोली, समोर तिघे: शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, बुद्धीची चाचणी घेणाऱ्या एक बाई, आणि ट्रस्टच्या वतीने एक वयस्क मॅडम. चाचणी आधीच झाली होती. लाकडी ठोकळे, चित्रे जुळवणे, बोलण्याची गरज नसलेले खेळ. मुलगी वयाप्रमाणे ठीक आहे, असा शेरा होता. तो शब्द ऐकून मी मुलीच्या आईकडे पाहिले. तिला 'ठीक' हे कमी वाटले होते.

मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे मर्यादा आहेत. यंत्र बसवल्यावर शिकण्याची कुवत ज्या मुलांत दिसते, त्यांचाच आम्ही विचार करतो. पहिल्या चाळणीत निम्मे अर्ज आम्ही त्यावरूनच बाजूला ठेवले. हा नळाचा मजकूर कोणी लिहिला?"

मी उभा राहिलो. "मी. परंतु तो सांगितला यांनी." असे मी म्हणालो खरे, आणि ते म्हणताना माझे मला समजत होते की, पहिला कागद गेला असता तर आज आम्ही या खोलीत नसतो.

"हं," मॅडम म्हणाल्या. मग आईकडे वळून, "यंत्र बसवलं की मुलगी ऐकायला लागेल, असं वाटतं तुम्हाला?"

"नाही जी," बाई म्हणाली. "आवाज येईल. पण तो कशाचा हाय ते तिले कसं समजंल? ते सांगा लागंल."

"कोण सांगणार?"

"मी."

"रोज? काही वर्षं? कर्णबधिर मुलांच्या वर्गाला रोज शहरात घेऊन यावं लागेल. नोकरी सोडावी लागेल."

बाईने नवऱ्याकडे पाहिले नाही. "सोडतो."

मग नवऱ्याने इतका वेळ दाबून धरलेले विचारले. "डॉक्टरसाहेब, डोक्यात मशीन बसवल्यावर... म्हंजे ऐकंल ते मशीनच ना? पोट्टी आमचीच राहील ना जी?"

डॉक्टर चष्म्यावरून पाहत म्हणाले, "मोठी झाली की ती तुमचं ऐकणार नाही. पण त्याला मशीन जबाबदार नसतं." खोलीत सगळे हसले, नवराही हसला. डॉक्टर मग जरा सौम्य झाले. "हे बघा, मशीन फक्त टोचे मारतं. टोचा म्हणजे काय, ते तिच्या मेंदूला स्वतःच शोधावं लागतं. आम्ही आत काही अक्कल घालत नाही. असली तर वापरायला मिळते."

मी ते वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवत राहिलो. यंत्रामुळे माणूस हुशार होईल किंवा यंत्र होईल, या दोन्ही भीतींवर तेव्हा पुण्यात फार बोलले जाई. आमच्या आळीतले निवृत्त लोक तर कट्ट्यावर बसून पुढच्या पिढीच्या डोक्यात काय काय बसवले जाईल याच्या गप्पा मारत. त्या गप्पांत मीही ठाम मते दिली होती. आता वाटू लागले की, हुशारी डोक्यात भरून ठेवलेली वस्तू असती तर ती बाहेरून घालता आली असती, आणि माझ्यासारख्याला कागदावर उतरवताही आली असती. ती कुठेतरी हात आणि पाइप यांच्या मध्ये, तोंड पाहणारी मुलगी आणि बोलणारा माणूस यांच्या मध्ये घडत असावी. यापुढे माझी झेप जात नाही, आणि गेली असे दाखवण्याचीही इच्छा नाही.

मुलीची निवड झाली. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, आणि यंत्र चालू करण्याच्या दिवशी बाईने मला पुन्हा बोलावले. टेबल बंद ठेवून मी गेलो. लहानशी खोली, गालिचा, एक बुटके टेबल. श्रवणतज्ज्ञ म्हणून एक तरुणी होती. तिने मुलीच्या कानामागे आवाज टिपणारे यंत्र अडकवले, त्याला तारेने जोडलेली चकती डोक्याला चिकटवली, संगणकावर काहीतरी केले. आम्ही सगळे मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. नवऱ्याने गावाकडे दाखवायला कोणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता.

मुलगी दचकली. मग तिने तोंड वेडेवाकडे करून मोठ्याने रडायला सुरुवात केली आणि चकती ओढून काढली. बाप कॅमेरा खाली करून म्हणाला, "दुखते वाटते तिले." आई पुढे सरसावली. माझ्या मनात आले की, झाले, सगळे व्यर्थ गेले.

"दुखत नाही, नवीन आहे तिला," ती तरुणी शांतपणे म्हणाली. "थांबा. कोणी काही करू नका."

रडे ओसरले. मुलगी टेबलाशी बसली होती. रागाने तिने टेबलावर थाप मारली. काहीच घडले नाही, कारण चकती तिच्या हातात होती. ती चकतीकडे पाहत राहिली. मग तिने ती स्वतःच डोक्याशी नेली; नीट जागा सापडेना, दोनदा केसांत घसरली, आणि अखेर चुंबकाने पकडली. तिने पुन्हा थाप मारली. दचकली. हात तसाच हवेत. मग चकती काढली आणि थाप मारली. मान वाकडी करून वाट पाहिली. चकती लावली, थाप मारली, दचकली. परंतु या खेपेला कमी. हे तिला कोणी शिकवले नव्हते. चकती लावून आणि काढून, दोन्ही रीतींनी पाहायचे आणि फरक कुठे पडतो ते शोधायचे, हे आमच्यापैकी कोणी सुचवलेही नव्हते.

मग ती आमच्याकडे वळली आणि एकेकाच्या हाताकडे पाहू लागली. बापाच्या, आईच्या, माझ्या. थाप आपण मारली की आमच्यापैकी कुणीतरी, हे ती तपासत होती हे माझ्या उशिरा लक्षात आले. मी माझे हात मांडीवर ठेवले आणि तसेच ठेवून दाखवले. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिले आणि टेबल बडवायला सुरुवात केली. दणादण.

"अवं पुरे, पुरे!" आई ओरडली. मुलगी थांबली नाही, कारण त्या आवाजाचा अर्थ तिला अजून माहीत नव्हता.

"मारू दे तिला," ती तरुणी म्हणाली. आईने ओठ मिटले, खाली गालिच्यावर मुलीसमोर बसली, आणि तिने स्वतःचा हातही टेबलावर आपटला.