हरणाचा पाचवा पाय

रोज सकाळी घरातून निघताना मामा शर्टाच्या खिशात एक अख्खा खडू ठेवायचा आणि अर्धा कानावर. डोंगरमाथ्यावरच्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी प्राणी कोरून ठेवलेत. मामा तिथला पहारेकरी. रेषा झिजून उथळ झालेल्या, म्हणून बघणाऱ्यांना दिसाव्यात यासाठी तो त्यांत खडू भरायचा. अशी अठ्ठावीस वर्षं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याने हरणाच्या पोटाखालची साधी चीर पाय समजून भरली. पाहणीला आलेल्या साहेबांनी नोंदवहीत लिहिलं, ‘हरीण. पाय पाच.’ तेच पुस्तिकेत छापलं गेलं. एका विद्वानांनी त्यावर प्रबंध लिहिला. पाचवा पाय म्हणजे वेग.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना मामाच्या चष्म्याचा नंबर बदलला आणि चीर त्याला चीर दिसली. त्याने ओल्या फडक्याने खडू पुसून टाकला.

त्याच आठवड्यात तपासनीस आला. त्याने पाय मोजले. मग नोटीस आली : ‘आपल्या ताब्यातील एक पाय गहाळ झाला आहे. पंधरा दिवसांत हजर करावा, अन्यथा बडतर्फ करण्यात येईल.’

“अहो, ओढा ना एक रेघ,” मामी म्हणाली. “हरीण काय तक्रार करणार आहे? एवढ्या वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडाल!”

“अगं, पण तो पाय नाहीच.”

“अक्कल तरी कुठे आहे तुम्हाला? चाललाच ना संसार?”

मामा हसला, पण रेघ ओढली नाही.

सोळाव्या दिवशी मोठे साहेब धापा टाकत स्वतः वर आले. गुडघे टेकून त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं. मामाचं खरं होतं. पण नोंदवहीत खाडाखोड चालत नव्हती. शेवटी त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘एक पाय रजेवर.’

नोकरी वाचली. पायाच्या रजेचा अर्ज मात्र दर महिन्याला तपासनीसच लिहायचा. मामा त्यावर सही करायला तयार नव्हता.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी मामा गेला. त्या दुपारी, तो अंथरुणावर असतानाच, नव्या पहारेकऱ्याचा फोन आला होता. “काका, एक बाई पुस्तिका घेऊन हटून बसल्यात. पाचवा पाय दाखवल्याशिवाय उठणार नाही म्हणतात.”

मामा उशीला टेकून बसला.

“बसू दे की,” तो म्हणाला. “पण सावलीत बसव. कातळ तापला असेल आता.”