मास्तरांनी पुसलेला सभासद

आमच्या ग्रंथालयात संगणकाचं काम बघणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण पूर्वी ते टायपिंग शिकवायचे. पंचेचाळिशीत पुस्तक समोर ठेवून पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले आणि सभासदांच्या नोंदींचा कारभार एकहाती उभा केला. लेखी नोंद नसेल तर स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास न ठेवणारा माणूस. मी इथला हेडक्लार्क, त्यांच्या शेजारी बसतो.

गेल्या महिन्यात एक बाई तिसऱ्यांदा आल्या.

"अहो, हे जाऊन दीड वर्ष झालं. आणि तुमचं पत्र म्हणतंय, प्रत्यक्ष येऊन कार्ड नवं करून घ्या. पाठवू का त्यांना?"

"वहिनी, दोन्ही वेळा मी नोंद पुसली," मास्तर म्हणाले. "स्क्रीनवर तसं आलंही."

"पोस्टमनला कळवायचं राहिलं वाटतं."

स्क्रीनवर ते येणारच होतं. 'नोंद पुसली' हा संदेश मास्तरांनीच लिहिलेला, आणि काहीही पुसलं गेलं नाही तरी तो दिसायचा.

मास्तरांनी प्रोग्राम उघडला. एक सभासद काढायचा तर तीन टेबलांतल्या, म्हणजे नोंदींच्या तक्त्यांतल्या, ओळी पुसाव्या लागतात. आधी वाचनकक्षाची हजेरी, मग सभासद आणि घरी नेलेली पुस्तकं ही दोन टेबलं जोडून एकदम. चूक त्या जोडणीत होती. नाव दोन्हीकडे असेल तरच ती पुसत होती.

"सापडलं!" मास्तर खूश झाले. "यांनी कधी एकही पुस्तक घरी नेलं नाही. म्हणून राहिले."

बाई खुर्चीत बसल्या. "एकही नाही? दर शनिवारी दुपारी ग्रंथालयात जातो म्हणून बाहेर पडायचे. मग जायचे कुठे?"

"वाचनकक्षात बसत असतील. हजेरीत…" मास्तर थांबले. हजेरी त्यांनी पहिल्याच खेपेला पुसली होती, आणि ती मात्र अगदी बिनचूक. जुन्या बॅकअपवर नवा बॅकअपही कधीच चढला होता.

"मग पुसू नका. आधी मला कळू दे."

मास्तरांनी चष्मा काढला. "बसायचे की. खिडकीजवळ, दर शनिवारी. मी स्वतः पाहिलंय."

"नक्की?"

"नक्की, वहिनी. वाचून झालं की वर्तमानपत्राची नीट घडी घालायचे."

"घडी? घरात तर कधी घातली नाही." बाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या. "पुसा आता."

मास्तरांनी जोडणी सुधारली, बटण दाबलं आणि या खेपेला किती ओळी गेल्या तेही पाहिलं. एक.

मास्तरांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. कर्मचाऱ्यांच्या हजेरीचं मस्टर माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. पण ते दाखवा, असं मला कुणी म्हणालं नाही.