वाणात दिलेली कादंबरी

नगरला आले त्या वर्षी संक्रांतीला शेजारच्या काकू मला ओढतच हळदीकुंकवाला घेऊन गेल्या, आणि तिथं मला वाण म्हणून एक कादंबरी मिळाली. मी भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. नवऱ्याला नागापूरच्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून आम्ही एवढ्या लांब येऊन पडलो. माहेरी वाणात वाटी, चाळणी, कंगवा असलं काहीबाही मिळायचं. वाण म्हणजे वापरायची वस्तू, एवढंच मला ठाऊक. मिळालं ते दुसऱ्या दिवसापासून वापरात काढायचं. म्हणून मी ते पुस्तक वाचायला घेतलं.

आठवीनंतर माझी शाळा सुटली होती. त्यानंतर वाचलं म्हणजे किराण्याच्या पुड्या आणि एसटीवरच्या पाट्या. इथं ओळखीचं कुणी नाही, बोलायला तोंड उघडलं की बायका हसायच्या. "काय करून राहिल्या वहिनी?" असं माझ्याच बोलीत मला विचारायच्या. चिडवायच्याच, पण प्रेमानं. तरी मी आपली दार लोटून बसायचे. त्या दिवसांत त्या कादंबरीतल्या माणसांनी मला सोबत केली. कादंबरी तशी काही फार थोर नव्हती हे मला आता कळतं. पण तहानलेल्याला गढूळ पाणीही गोड लागतं, आणि त्या पाण्याचे उपकार मी विसरणार नाही.

बाकीच्या बायकांनी त्यांची प्रत वाचली का, हे कळायला मला बराच काळ लागला. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. मापं घ्यायला, तयार कपडे द्यायला घरोघरी जाते. तेव्हा दिसायचं. आमच्या भागातल्या, महिन्याला पैसे जमवून पुस्तकं घेणाऱ्या पुस्तक भिशीच्या बायका दर संक्रांतीला सगळ्या कॉलनीला एक पुस्तक लुटतात. देताना बाईला हळदीकुंकू लावतात, तसंच पुस्तकालाही बोट लावतात. झालं. हळदीकुंकू वाहिलेलं पुस्तक मग कोण हाताळणार? कुणी ते देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलेलं, कुणी शोकेसमध्ये गणपतीशेजारी उभं केलेलं. काकूंकडं तर सगळ्या वर्षांची पुस्तकं पोथ्यांखाली रचून ठेवलेली होती आणि गुरुवारी त्यांना फूल मिळायचं.

"काकू, ही वाचायची असतात," मी एकदा म्हटलं.

"आगं, खरकटा हात लागायचा. ऱ्हाऊ दे तितंच. त्येंचं काय वाईट चाललंय?"

काकू जामखेडकडच्या. त्यांच्यापुढं वाद चालत नाही.

मला पुढं त्या भिशीत घेतलं, ते ब्लाउज शिवता शिवता. भिशी चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका माझ्याकडं ब्लाउज टाकायच्या. त्यांना सगळे बाई म्हणतात. माझ्या मशीनवर कातरीखाली उघडं पुस्तक बघून त्या म्हणाल्या, "शनिवारी दुपारी वाचनालयात येत जा." मी गेले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे. कुणी मत विचारलं की म्हणायचे, "छान आहे." सगळ्याच तसं म्हणायच्या, म्हणून खपून जायचं.

पण मनातली मतं वेगळी होती. ती आता इथं लिहून टाकते.

ज्या कादंबरीत बऱ्याच पानांत कुणी जेवतच नाही, ती मी सोडून देते. माणसं नुसती विचार करत बसलेली. अरे, भाजी कोण टाकतंय? गरिबाची कादंबरी असेल तर त्यातला गरीब सारखा गरिबीचाच विचार करतो. माझी आई असा विचार करताना मी कधी पाहिली नाही. तिच्या डोक्यात शेजारणीची कोंबडी आमच्या परसात अंडं घालते, ते द्यायचं की ठेवायचं, असले प्रश्न असायचे. आणि शेवटच्या पानावर खिडकीशी उभी राहून बाहेर बघणाऱ्या बायका. फार बायका खिडकीशी उभ्या राहतात आपल्याकडं. मागं गॅसवर काही ठेवलेलं नसतं वाटतं.

आणखी एक. मी शेवट आधी वाचते. पुस्तकप्रेमी मंडळींना हे पटत नाही, पण माझा स्वभाव धसक्याचा आहे. नवऱ्याला कंपनीतून यायला उशीर झाला की मी फाटकापर्यंत चार चकरा मारते. तिथं कादंबरीतलं लेकरू आजारी पडलं तर ते जगतं का, हे माहीत नसताना मी कशी वाचू? शेवट बघून घेते, मग निवांत मागं येते. चांगली कादंबरी असेल तर शेवट ठाऊक असूनही ती हातातून सुटत नाही. जी सुटते, तिच्यात शेवटाशिवाय काही नव्हतंच.

न वाचलेल्या पुस्तकांबद्दल लोक चोरट्यासारखं बोलतात. मला तसं वाटत नाही. माझ्याकडं जाडजूड, बक्षीसवाल्या कादंबऱ्या पडून आहेत. एक तर मी किती वेळा सुरू केली, दरवेळी त्याच त्या लांबलचक पहाटेच्या वर्णनात अडकले. तिथं उजाडतच नाही. पण ती घरात आहे हे बरं वाटतं. आमच्याकडं कोठीत न शिजवलेला तांदूळ असला की घरातलं माणूस शांत झोपतं. तो आजच शिजवायचा असतो असं कुठं आहे?

तर अशी मतं पोटात ठेवून मी "छान आहे" म्हणत होते. मग गेल्या मार्गशीर्षात कॉलनीतल्या बायकांचा निरोप आला. निरोप आणला काकूंनीच, थेट वाचनालयात.

"बाई, राग मानू नगा. पुस्तकं लई झाली. फळी भरली. औंदा स्टीलच्या वाट्या द्या. वाटी कामाला तरी येती."

बाई चष्मा पुसत राहिल्या. शेवटी ठरलं असं, की या वर्षी एकदा शेवटचं पुस्तक द्यायचं. तेही कुणी वाचलं नाही, तर पुढच्या संक्रांतीपासून वाट्या. पुस्तकाचं वाण बंद.

"निवड मात्र मी करणार नाही," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मीच भारी भारी निवडली आणि सगळी देवाला गेली. बुडायचंच असेल तर दुसऱ्या कुणाच्या हातून बुडू दे." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू निवड. तू वाचतेस तरी."

मला तर त्या वाणानंच वाचायला लावलं. ते माझ्याच हातून बंद पडलं तर? घरी आले आणि ब्लाउजची बाही उलटी जोडली. रात्री नवरा म्हणाला, "वाट्याच द्या ना, एवढं काय." मी त्याच्याशी जेवण होईपर्यंत बोलले नाही.

मी निवडली ती कादंबरी बारीकशी होती. एसटीत कंडक्टर झालेली बाई, आणि रोज तिच्या गाडीला चढणारा एक मास्तर. रोज तिकीट एका गावाचं काढायचा आणि उतरायचा भलत्याच गावी. तिच्यात माणसं पोटभर जेवतात. खिडकीशी उभं राहायची सोय नाही, कारण गाडी चालू असते. बाईंना मी प्रत द्यायला गेले तर त्यांनी ती हातात तोलून बघितली.

"लोकांना आवडतं तेच द्यायचं, तर मग साबणदाणी काय वाईट?"

"साबणदाणी पण वापरतात, बाई," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या हसल्या. हसल्या म्हणून मला पुढचं बोलायचा धीर झाला. मी म्हटलं, माझ्या दोन गोष्टी ऐका. एक, यंदा पुस्तकाला हळदीकुंकू लावायचं नाही. बाईला लावा, ओटी भरा, पण पुस्तक कोरडंच हातात द्या. आणि दुसरं, वाटायच्या आधी सुरुवातीची पानं मोठ्यानं वाचायची.

भिशीत यावर बरीच चर्चा झाली. वाणाला हळदीकुंकू नाही म्हणजे अशुभ, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणाली, "चाळणीला कुठं लावतो आपण?" त्यावर पुस्तक कोरडंच द्यायचं ठरलं. वाचायचं कुणी, हा प्रश्न मात्र आला तसा माझ्याच गळ्यात पडला.

संक्रांतीच्या आठवड्यात मंदिराचा हॉल भरला होता. तिळगूळ, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली लेकरं. कुकरची शिट्टी होत असताना स्वयंपाकघरात किती वेळा वाचून बघितलं होतं, तरी पहिल्या ओळीला आवाज फाटला. मागून कुणीतरी म्हणालं, "जोरात वाचून राहा की वहिनी." हशा पिकला. त्या हशानंच मला भान आलं. मी माझ्याच हेलात वाचत गेले. माहेरी श्रावणात पोथी लावायचे तेव्हा वाचणारे आजोबा नेमके संकटाशी पान मिटायचे आणि म्हणायचे, उद्या. बायका जागच्या हलायच्या नाहीत. मला ते येत होतं.

वाचता वाचता कादंबरीतला शेवटचा थांबा आला. सगळे उतरले, मास्तरही उतरला. गाडी रिकामी. कंडक्टर बाई मागं गेली तर शेवटच्या सीटखाली मास्तरची पिशवी राहिलेली. ती वाकली. आणि पिशवी हलली.

मी पुस्तक मिटलं.

मग काकूंचा आवाज आला. "आन् मग?"

"मग ते पुस्तकात आहे, काकू."

"अशी कशी ही बाई? पिशवीत काय हुतं ते सांग आन् मग बस."

"घरी जाऊन वाचा."

"बघा, बघा," काकू शेजारणीला म्हणाल्या, "माज चढला. इतकी वर्सं त्वांडातनं शब्द निघत न्हवता." पण पुस्तक घेताना त्यांनी ते पिशवीत टाकलं नाही, हातात ठेवलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. ज्या घरी माप घ्यायला जाईन तिथं माझी नजर आधी देव्हाऱ्याच्या फळीवर. फळीवर नवीन पुस्तक दिसायचं नाही. शोकेसमध्येही नाही. आता मला वेगळीच धास्ती, की रद्दीत तर गेलं नाही ना. विचारायची हिंमत होत नव्हती. मग एका घरात ते दिसलं, ओट्यावर, भाजीच्या टोपलीत, मुखपृष्ठावर हळदीचा अंगठा. पूजेच्या हळदीचा नव्हे, फोडणीच्या. मध्ये खूण म्हणून लायटर घातलेला. त्या घरच्या वहिनींची छाती मी दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा वेगळी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात उभ्या. चहाही घेतला नाही.

"तुजा त्यो मास्तर लई नालायक निगाला."

"का हो काकू?"

"का म्हंजी? तिला सांगायचं न्हाई व्हय आधी? आन् ती येडी त्येला चपाती भाजी खाऊ घालती. मी असते तर गाडीतनं ढकलला असता."

समोरच्या घरातली तरुण वहिनी केस विंचरत बाहेर आली. "नाही हं काकू. त्याची बाजू तुम्ही बघितलीच नाही. त्यानं पिशवी मुद्दाम सोडली होती."

"तुला लई कळतंय. लगीन हून दोन वर्सं झाली न्हाईत."

मग मधल्या गल्लीतली आणखी एक थांबली, दुधाची पिशवी हातात. माझ्या दारात भांडण लागलं. मास्तर चांगला की वाईट, कंडक्टर बाईनं बदली घ्यायला हवी होती की नको. माझ्या मशीनखालचं कापड तसंच. मला कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून मीच बोलले.

"मला शेवट आवडला नाही."

सगळ्या माझ्याकडं वळल्या.

"शेवटची पानं लेखकानं घाईत उरकली. एवढी गाडी चालवली आणि स्टँडवर आणून सोडली. ती बाई एवढ्या लवकर माफ करणारी नाही. आधीच्या सगळ्या पानांत तशी नाहीच ती."

हे मी मोठ्यानं बोलले होते. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "छान आहे" सोडून माझ्या तोंडून पुस्तकाबद्दल निघालेलं हे पहिलं वाक्य.

काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवडला न्हाई तर आमच्या गळ्यात कशाला मारलंस?"

"भांडायला," मी म्हटलं.

तेवढ्यात बाई आल्या, ब्लाउज न्यायला. काकूंनी त्यांना दारातच गाठलं. "बाई, तुमीच सांगा. त्येनं तिच्या घरी जायाचं कारन हुतं का? शेवटाला ती जवा त्येला…"

बाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले. "सांगू नका. अहो सांगू नका, माझं वाचायचं राहिलंय."

"तुमी वाचलं न्हाई?" काकू बघतच राहिल्या.

"बारीक आहे, कधीही होईल म्हणून ठेवलं. आज वाचते. कुणी एक अक्षर बोलायचं नाही."

"आज म्हंजी आजच बरं का," काकूंनी बजावलं. "उद्या सकाळी आमी हितंच हाय. आन् वाट्यांचं काय ते नंतर बघू, आधी हे मिटू द्या."

बाई ब्लाउज न घेताच लगबगीनं घराकडं निघाल्या. मी दारात उभी राहून त्यांना जाताना बघत होते, आणि मागं गॅसवर माझं दूध उतू जात होतं. जाऊ दिलं.